शुगरवाल्यांच्या पायाची जखम आणि ऑक्सिजन चेंबर: आधी लॅटरल बघा, मग टाकी

कोविडनंतर आमच्याकडे पाच लिटरवाला एक कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, कपाटावर पडून होता. अण्णांच्या पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने झाले तरी भरेना, तेव्हा आत्या म्हणाली, "अरे त्या मशीनवर रोज तासभर बसव की त्यांना, ऑक्सिजन मिळाला की जखम भरते, मी व्हिडिओत बघितलंय." मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. चार दिवस लावला. बोटाचा ऑक्सिमीटर आधी ९७ दाखवायचा, मशीन लावल्यावर ९९. जखम होती तिथंच.

चूक कुठे होती ते नंतर कळलं. अण्णांचा तासगाव भागात द्राक्षाचा बाग आहे त्यामुळे त्यांच्याच भाषेत सांगतो. ठिबकची टाकी काठोकाठ भरलेली आहे आणि शेवटच्या ओळीतल्या वेली सुकतायत, तर आपण टाकीत अजून पाणी ओततो का? लॅटरल, म्हणजे ओळीतून जाणारी नळी बघतो, ड्रिपर चोक झालाय का बघतो. ९७ म्हणजे टाकी भरलेलीच होती, रक्तातलं हिमोग्लोबिन जवळजवळ पूर्ण भरलेलं, त्यात अजून किती बसणार. पाणी अंगठ्यापर्यंत पोचत नव्हतं, खरा प्रॉब्लेम तो.

मी डॉक्टर नाही, पण अण्णांच्या पायापायी सहा महिने हॉस्पिटलांच्या पायऱ्या झिजवल्या, तीस वेळा चेंबरच्या (बंद टाकीत दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात, तिच्या) बाहेर बसलो, आणि ज्या क्रमाने गोष्टी करायला हव्या होत्या त्याच्या बरोबर उलट क्रमाने आम्ही सुरुवात केली, म्हणून बरोबर क्रम इथं लिहून ठेवतो.

शुगर नळ्यांचं काय करते, थोडक्यात

वर्षानुवर्षं शुगर वाढलेली असली की रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर बिघडतं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने नळी सैल होते आणि रक्त जास्त जातं, ते कमी पडायला लागतं. मोठ्या नळ्यांत चरबी साठते, आणि शुगरवाल्यांत हा त्रास खास करून गुडघ्याखालच्या तीन नळ्यांत दिसतो. त्यात नळीच्या भिंतीत कॅल्शियम बसून ती जुन्या पीव्हीसी पाइपसारखी कडक होते. केसाहूनही बारीक नळ्यांची भिंत जाड होते. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे नसा मेलेल्या, त्यामुळे दुखतच नाही. अण्णांनी नवीन कोल्हापुरी घातली, अंगठ्याच्या पट्ट्याने घासून कातडं गेलं, रक्त चपलेला लागलेलं आईला दिसलं तेव्हा यांना पत्ता लागला. तोपर्यंत तीन दिवस तीच चप्पल घालून बागेत फिरत होते.

पायरी १: पायाला रक्त पोचतंय का ते मोजून घ्या

ही पायरी सोडून कुणीही ऑक्सिजनचं नाव काढलं तर उठून या. सगळ्यात साधी तपासणी म्हणजे डॉक्टर पावलावर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला बोटाने नाडी बघतात. फुकट आहे, अर्धा मिनिट लागतो. ती लागत नसेल किंवा शंका असेल तर पुढच्या टेस्ट.

पहिली एबीआय. झोपवून हाताचं आणि घोट्याचं वरचं बीपी घेतात, घोट्याचं भागिले हाताचं. समजा हात १४०, घोटा ११०, तर जवळपास ०.७९. ०.९ च्या खाली म्हणजे नळीत अडथळा आहे असं धरतात. पण शुगरवाल्यांत इथं एक गोची आहे, ती नीट वाचा. अण्णांचं हाताचं बीपी आलं १३० आणि घोट्याचं १९०, म्हणजे रेशो १.४६, आणि टेस्ट करणारा मुलगा म्हणाला पायाला तर भरपूर रक्त आहे काका. आम्ही खुश. प्रत्यक्षात नळी कॅल्शियमने इतकी कडक झाली होती की पट्टा कितीही फुगवला तरी ती दबतच नव्हती, म्हणून आकडा खोटा वर गेला. १.३ ते १.४ च्या वरचा एबीआय म्हणजे चांगली बातमी नाही, तो आकडा धरायचाच नाही.

अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मागायचं, कारण बोटांच्या नळ्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. अंगठ्याचं प्रेशर ३० च्या खाली असेल तर जखम स्वतःहून भरायची आशा फार कमी, पाय धोक्यात. दुसरी टेस्ट टीसीपीओटू, म्हणजे जखमेशेजारच्या कातड्यावर सेन्सर चिकटवून तिथं ऑक्सिजन किती आहे ते बघतात. हा आकडा टक्क्यांत नाही, मिमी पाऱ्यात असतो. ४० च्या वर असेल तर जखम भरण्याइतपत माल पोचतोय, ३० च्या खाली म्हणजे उपासमार चालू आहे. अण्णांचा आला २२. हाताच्या बोटाला ९७ टक्के आणि पायाच्या अंगठ्याशेजारी २२ मिमी, मापं वेगळी, पण त्याच माणसाचं, त्याच तासाला, टाकी भरलेली आणि अंगठा उपाशी. आत्याला हा कागद दाखवला तेव्हा कुठे कॉन्सन्ट्रेटरचा विषय बंद झाला.

मग कलर डॉपलर, म्हणजे नळीतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, आणि नळी उघडायची वेळ आली तर अँजिओग्राफी. सीटी अँजिओच्या औषधाचा किडनीवर ताण येतो त्यामुळे आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) करून घ्या आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा, थांबवायचं की नाही ते तेच ठरवतील.

पायरी २: नळी उघडा, जखम साफ करा, पाय उचला

बंद नळी उघडता येत असेल तर ती आधी. बलून टाकून अँजिओप्लास्टी किंवा बायपास, हे व्हॅस्क्युलर सर्जनचं काम. छातीचा हार्टवाला सर्जन वेगळा आणि पायाच्या नळ्यांचा वेगळा, हे आमच्याकडे निम्म्या लोकांना माहीत नसतं, मलाही नव्हतं. अण्णांची घोट्याच्या आतल्या बाजूची नळी बलूनने उघडली आणि काही आठवड्यांनी टीसीपीओटू २२ वरून ३६ वर गेला.

जखमेतलं मेलेलं मांस कापून काढणं, पू असेल तर वाट करून देणं, हाडापर्यंत इन्फेक्शन गेलंय का बघणं. डॉक्टर जखमेत एक बोथट सळई घालतात आणि टक्क करून हाड लागलं तर हाडाचं इन्फेक्शन असण्याची शक्यता बरीच, मग एक्सरे, एमआरआय, लांबलचक अँटिबायोटिक.

आणि सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात महत्त्वाचं, जखमेवर वजन न देणं. चेंबरमध्ये दोन तास ऑक्सिजन घेऊन आलात आणि बाकीचे बावीस तास त्याच जखमेवर उभे राहून चहा पीत असाल तर पैसे पाण्यात. प्लास्टरसारखा टोटल कॉन्टॅक्ट कास्ट असतो, काढता न येणारे बूट असतात, जखम आणि रक्तपुरवठा बघून डॉक्टर ठरवतात. काढता येणारा बूट दिला तर माणूस काढतोच. अण्णा देवघरात जाताना काढायचे, "चप्पल घालून देवापुढं कसं जाऊ" म्हणून. शेवटी आईने देवघरच दिवाणाशेजारच्या कोनाड्यात आणलं.

ताप, थंडी वाजणं, जखमेला घाण वास, पायावर वर चढणारी लाली, बोट काळं पडणं, दाबल्यावर कातड्याखाली कुरकुर लागणं, यातलं काहीही दिसलं तर सरळ त्याच दिवशी हॉस्पिटल. चेंबरची अपॉइंटमेंट सोमवारी आहे म्हणून शनिवार-रविवार काढू नका.

पायरी ३: चेंबर नक्की काय करतं आणि कुणाला करतं

हायपरबॅरिक ऑक्सिजन म्हणजे बंद चेंबरमध्ये दाब वाढवून शंभर टक्के ऑक्सिजन श्वासात देणं. दाब साधारण २ ते २.५ एटीए, म्हणजे आपल्या नेहमीच्या हवेच्या दुप्पट-अडीचपट. २.४ एटीए म्हणजे साधारण ४५ फूट पाण्याखाली बसल्यासारखं, आमच्या विहिरीचा तळ समजा. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "आरं, सोड्याच्या बाटलीत कोंबल्यागत वाटतंय." आणि गंमत म्हणजे विज्ञानही तेच आहे. गोटी सोड्याच्या बाटलीत दाबामुळे गॅस पाण्यात विरघळलेला असतो, गोटी दाबली की फसफसून बाहेर. तसंच दाबाखाली ऑक्सिजन रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात विरघळतो. एरवी १०० मिली रक्तात हिमोग्लोबिनवर सुमारे २० मिली ऑक्सिजन असतो आणि विरघळलेला जेमतेम ०.३ मिली. ३ एटीएवर शुद्ध ऑक्सिजन दिला की हा विरघळलेला ६ मिलीच्या आसपास जातो, शरीर आरामात बसलेलं असताना १०० मिली रक्तातून साधारण तेवढाच वापरतं. १९६० मध्ये ॲमस्टरडॅमच्या बूरेमा नावाच्या सर्जनने डुकरांचं जवळजवळ सगळं हिमोग्लोबिन काढून फक्त या विरघळलेल्या ऑक्सिजनवर त्यांना चेंबरमध्ये जिवंत ठेवलं होतं.

घरच्या कॉन्सन्ट्रेटरमध्ये आणि चेंबरमध्ये फरक हा असा आहे. कॉन्सन्ट्रेटरला दाब नाही, त्यामुळे विरघळणं नगण्य. चेंबरमध्ये प्लाझ्मा स्वतःच ऑक्सिजन घेऊन जातो, अरुंद बारीक नळीतून जिथं लाल पेशी कशाबशा जातात तिथून पुढच्या पेशींपर्यंत झिरपतो. पांढऱ्या पेशींना जंतू मारायला ऑक्सिजन लागतो, नवीन मांसातलं कोलॅजन बनायला लागतो, आणि वारंवार सेशन झाले की नवीन बारीक रक्तवाहिन्या फुटायला चालना मिळते. नळी शंभर टक्के बंद असेल तर मात्र हे सोडा-वॉटरही पोचत नाही. थोडा तरी प्रवाह पाहिजेच, म्हणून पायरी १ आणि २ आधी.

आता फायदा किती, हे सरळ सांगतो कारण जाहिरातीत कुणी सांगत नाही. स्वीडनच्या हेल्सिंगबोर्गमध्ये ९४ लोकांवर अभ्यास झाला, २०१० साली छापून आला, वर्षभराने चेंबरवाल्यांपैकी ५२ टक्के लोकांच्या जखमा भरल्या, खोटा चेंबर (दाब तोच, पण आत साधी हवा) मिळालेल्यांच्या २९ टक्के. झकास. पण कॅनडातल्या २०१६ च्या अभ्यासात १०३ लोकांत पाय कापायची गरज कमी झाली असं काही दिसलं नाही, आणि नेदरलँड्समध्ये १२० लोकांचा २०१८ साली आला त्यातही पाय वाचण्यात ठाम फरक नाही, त्यात बऱ्याच जणांनी सगळे सेशन पूर्णच केले नव्हते. म्हणून २०२३ च्या आंतरराष्ट्रीय डायबेटिक फूट गाइडलाइन्स जपून बोलतात, की रक्तपुरवठा कमी असलेली जखम, नेहमीचे उपचार नीट करूनही भरत नाही, आणि सोय उपलब्ध आहे, तर जोड म्हणून विचार करा. जोड म्हणून, हा शब्द लक्षात ठेवा. अमेरिकेत मेडिकेअर हा सरकारी विमा पैसे देतो तेही वॅग्नर ग्रेड ३ किंवा वरच्या जखमेला, म्हणजे खोलवर गळू किंवा हाडापर्यंत गेलेली, आणि ३० दिवस नीट उपचार करून फरक नाही तरच.

साध्या वरवरच्या जखमेला, किंवा जखम नसताना "नळ्या साफ करायला" चेंबरमध्ये बसू नका. नळीतलं कॅल्शियम ऑक्सिजनने विरघळत नाही.

पायरी ४: सेंटर निवडताना

आम्ही गेलो त्या पहिल्या सेंटरवर पायाला हात न लावता चाळीस सेशनचं पॅकेज पुढे ठेवलं, आगाऊ भरले तर डिस्काउंट. नाडी बघितली नाही, ड्रेसिंग सोडलं नाही. फोनवर बोलायच्या निमित्ताने बाहेर आलो ते गेलोच नाही परत. एका सेशनला काही हजार जातात आणि तीस-चाळीस सेशन लागतात, त्यामुळे विचारायला लाजू नका.

काय विचारायचं? दाब किती एटीए देता. फुगवायच्या तंबूसारखा मऊ चेंबर असतो, १.३ एटीएवाला, वेलनेसच्या नावाखाली चालतो, त्यावर पायाच्या जखमेचे हे अभ्यास झालेले नाहीत. सेशन चालू असताना ट्रेन झालेला माणूस शेजारी असतो का आणि डॉक्टर किती मिनिटात येतो. आग लागू नये म्हणून काय करता, अर्थिंग कसं आहे. हा प्रश्न आगाऊपणाचा वाटेल पण जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मिशिगनला चेंबरला आग लागून पाच वर्षांचं पोर गेलं. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगीला माफी नाही. इन्शुरन्सचं प्री-अप्रूव्हल आधी घ्या, बिल झाल्यावर भांडण्यात अर्थ नाही. आणि ओझोन थेरपी ही वेगळीच भानगड आहे, तिला ऑक्सिजन थेरपी म्हणून गळ्यात मारतात, फसू नका.

पायरी ५: आत जायच्या आधी

छातीचा एक्सरे, ईसीजी, गरज पडली तर टूडी एको, कानाची तपासणी. फुफ्फुसाबाहेर हवा साठलेली असेल आणि उपचार झाले नसतील तर चेंबर अजिबात नाही, जीव जाऊ शकतो. दमा, जुना सिगारेटवाला दम, फिट्स, हार्ट कमजोर, पेसमेकर, सर्दी-ताप, बंद जागेची भीती, यातलं जे असेल ते सांगा. पेसमेकर असेल तर तो त्या दाबाला चालतो का ते कंपनीकडून तपासावं लागतं. कॅन्सरची ब्लिओमायसिन, डॉक्सोरुबिसिन, सिसप्लॅटिन ही औषधं घेतली असतील, किंवा दारू सोडायची डायसल्फिरामची गोळी चालू असेल, तर घरच्यांसमोर लाज वाटली तरी डॉक्टरला बाजूला घेऊन सांगा.

शुगर. आत बसल्यावर शुगर खाली येऊ शकते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणून उपाशी जायचं नाही, गोळी-इन्सुलिन स्वतःच्या मनाने बदलायचं नाही, आणि आत जायच्या आधी व बाहेर आल्यावर दोन्ही वेळा बोट टोचून बघायचं. बऱ्याच ठिकाणी १००-१२० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायला लावतात, ३०० च्या वर असेल तर सेशन पुढे ढकलतात. अण्णा सकाळी ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेऊन अर्धी भाकरी खायचे आणि निघायचे. पाचव्या दिवशी बाहेर आले ते घामाने डबडबलेले, शुगर ६४. तेव्हापासून माझ्या खिशात ग्लुकोजचा पुडा, आणि पूर्ण भाकरी, भाजीसकट, मी समोर बसून.

कपडे फक्त सुती, बहुतेक ठिकाणी त्यांचाच गाऊन देतात. डोक्याला तेल नाही, व्हॅसलिन नाही, डिओ नाही, अत्तर नाही, नेलपेंट नाही. मोबाइल, घड्याळ, कानाचं मशीन, लायटर, काडेपेटी बाहेर. हात गरम करायची पुडी सुद्धा नाही. आमच्याकडे भांडण झालं ते खोबरेल तेलावरून, पन्नास वर्षांची सवय, पण तिथल्या सिस्टरने शांपूची पुडी हातात देऊन बाथरूमकडे बोट दाखवलं.

पायरी ६: आत

दाब वाढायला लागला की कान बंद होतात, विमानात किंवा घाट उतरताना होतात तसे. आवंढा गिळा, जांभई द्या, नाक दाबून हळूच फुंका. दुखायला लागेपर्यंत थांबू नका, जड वाटलं की लगेच हात वर करा, ते दाब थांबवतात. मर्दानगी दाखवून गप्प बसलेल्यांच्या कानाच्या पडद्यामागे रक्त जमतं, हा चेंबरचा सगळ्यात कॉमन त्रास आहे. सर्दी असेल त्या दिवशी फोन करून सुट्टी घ्या.

मग दीड ते दोन तास पडून राहायचं. मध्येमध्ये पाच मिनिटं साधी हवा देतात, कारण जास्त दाबाचा ऑक्सिजन सलग घेतला तर क्वचित फिट येऊ शकते. ओठ फडफडणं, मळमळ, कानात आवाज, नजर विचित्र होणं असं काही वाटलं तर बोला. दाब उतरवताना श्वास रोखून धरायचा नाही, हे पहिल्याच दिवशी पाठ करून घ्या.

पायरी ७: आठवड्याला फोटो, आणि थांबायचं कधी

आठवड्यातून पाच दिवस, एकूण तीस-चाळीस. दर रविवारी त्याच उजेडात, जखमेशेजारी प्लॅस्टिकची पट्टी धरून फोटो काढा, लांबी-रुंदी वहीत लिहा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो. आमची सुरुवात २८ गुणिले २२ मिलिमीटर होती, पंधराव्या सेशनला २१ गुणिले १५, तळाला लाल दाणेदार मांस. साधारण नियम असा की नीट उपचार चालू असताना चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्र निम्म्यावर यायला हवं. पंधरा-वीस सेशननंतर काहीच हालचाल नसेल तर अजून पैसे न ओतता परत नळीकडे वळा, बलून केलेली नळी पुन्हा बंद होऊ शकते, किंवा हाडात इन्फेक्शन दडलेलं असतं.

या सगळ्या काळात तंबाखू. बिडी-सिगारेट तर सोडाच, पण मावा आणि बायकांची मिश्री सुद्धा, निकोटिन नळी आवळतं ते तोंडातून आलं तरी आवळतं. दोन तास नळ्यांना ऑक्सिजन पाजून रिक्षात बसल्याबसल्या तंबाखू मळणारे लोक मी तिथं रोज बघायचो. बीपी, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, रक्त पातळ राहायची गोळी, तीन महिन्यांची एचबीएवनसी, हे चेंबर संपल्यावरही चालूच. पाय बधिर असेल तर गरम पाण्याचा शेक कधीच नाही. भाजलेलं कळत नाही आणि नवी जखम होते.

अण्णांची जखम अठ्ठावीसाव्या सेशनच्या आसपास जवळजवळ मिटली, पूर्ण कातडं यायला अजून पाच आठवडे गेले. कोल्हापुरी आईने पुतण्याला देऊन टाकली, आता मऊ एमसीआर रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल, आणि रात्री झोपताना तळव्याखाली आरसा धरून दोघं मिळून पाय बघतात.

एक राहिलंच, चष्मा. वीसेक सेशननंतर लांबचं धूसर दिसायला लागतं, नंबर मायनसकडे सरकतो. सेशन संपल्यावर काही आठवडे ते दोन-तीन महिन्यांत बहुतेकांचं आपोआप पूर्वीसारखं होतं, त्यामुळे लगेच नवीन चष्मा करू नका. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. अण्णांचा अठराशे रुपयांचा नवा कोरा चष्मा टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे.